उपकारस्तुतीची पंगत आणि गावातली साक्ष

बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातला एक नियम आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. नवस फेडायला आणलेल्या बलीचं मांस दुसऱ्या दिवशीही खाल्लेलं चालायचं. उपकारस्तुतीसाठी आणलेलं मात्र त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही. सोबत तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या, तेल लावलेल्या पापड्या आणि खमिराची भाकरसुद्धा. आता आख्खा गोऱ्हा किंवा मेंढा एका घरानं एका दिवसात कसा संपवायचा? शेजारीपाजारी, नातलग, गडीमाणसं बोलावल्याशिवाय ते होणारच नाही. मला त्या नियमाचा हेतू हाच दिसतो. माणसं जेवायला बसली की विचारणार, कशाबद्दल आहे हे? मग यजमानानं उठून सांगायचं. बलिदान, आभार आणि साक्ष तिथं वेगवेगळी होत नाहीत.

आपल्याकडे, वऱ्हाडात काय नि झाडीपट्टीत काय, ख्रिस्ती घरं गावात थोडी असतात. उपकारस्तुतीचा रविवार, म्हणजे पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानायचा रविवार, हा गावानं आपल्याला जवळून पाहण्याचा दिवस. तो नीट व्हावा म्हणून काय काय करावं लागतं आणि कुठं बिघडतं, ते इथं लिहितो आहे.

आधी तारीख. पुष्कळ मंडळ्या दिवाळीनंतर लगेच दिवस धरतात, कारण सोयाबीन निघालेलं असतं. पण सोयाबीनचा पैसा खत-बियाण्याच्या उधारीत गेलेला असतो, आणि तेव्हाच कापसाची वेचणी ऐन भरात असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. एक दिवस बुडाला की वेचणाऱ्या बाईचे तेवढे पैसे बुडाले. वावर असलेल्यानं आभार मानायचे आणि त्याची किंमत मजूर बाईनं द्यायची, हे मला पटत नाही. जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा. कापसाचे दोन-तीन वेचे झालेले असतात, तूर कापून खळ्यावर आलेली असते, हरभरा अजून उभा असतो. तरी त्या रविवारी कोणाची वेचणी असेलच तर उपासना संध्याकाळी पाचला ठेवावी.

अर्पणाच्या टोपलीसाठी बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा 26 वा अध्याय उघडावा. पहिल्या उपजाची टोपली घेऊन माणूस याजकापुढे उभा राहतो आणि नुसती टोपली ठेवून परत फिरत नाही, तोंडानं सांगतो: माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आमचे हाल झाले, देवानं सोडवलं, ही जमीन दिली, आणि हे त्या जमिनीचं पहिलं पीक. शेवटी लेवी आणि गावातला परका, दोघांबरोबर आनंद करायचा. साक्षीचा सगळा नमुना त्या दहा-अकरा वचनांत आहे. आम्ही काय होतो, काय झालं, कोणी केलं, आता हातात काय आहे, आणि बाजूला कोण बसलं आहे.

टोपलीत काय आणावं याची सक्ती नसावी. पायलीभर तूर, दोन कोहळी, अंडी, कोंबडा, वांगी, मूठभर कापूस, काहीही. कापसाबद्दल मात्र एक गोष्ट पक्की ठरवून ठेवावी: तो मेणबत्त्यांपासून दूर, वेगळ्या टेबलावर. वेदीभोवती सजावट म्हणून सरकीसकट कापूस पसरतात आणि शेजारीच मेणबत्त्या लावतात. पंख्याच्या एका झोतात तो पेटतो. पाण्याची बादली दाराशी भरलेली हवी. सोयाबीन किंवा तूर पोत्यानं येणार असेल तर वाळलेली आहे का ते बघून घ्यावं. ओलावा बारा टक्क्यांच्या वर असला तर बंद खोलीत आठवड्यात माल तापतो, बुरशी धरतो, आणि दिलेलं दान कोणाच्याच कामी येत नाही. दाताखाली दाणा कटकन फुटला तर ठीक, दबला तर अजून ऊन द्यायचं.

उपासनेनंतरची हर्रास, म्हणजे अर्पणातल्या वस्तूंचा लिलाव, हा सगळ्यांचा आवडीचा भाग, आणि सगळ्यात जास्त मनं इथंच दुखतात. मोठ्या घरातला कोंबडा चढाओढीत दोन हजारांना जातो, विधवा बाईची चार वांगी दहा रुपयांत, तीही हसत हसत. मार्कच्या बाराव्या अध्यायातली विधवा आणि तिची दोन नाणी आपण दरवर्षी ऐकतो आणि तासाभरात विसरतो. उपाय सोपा आहे. अर्पणावर नाव लिहायचं नाही. लहान वस्तू एकत्र करून वाटे लावायचे, प्रत्येक वाट्यात थोडी भाजी, थोडं धान्य, दोन अंडी. बोली लावणाऱ्यानं देणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पैसे त्याच दिवशी, रोख नाही तर फोनवरून. हर्रासीची उधारी सहा महिने फिरते आणि पंचकमिटीत भांडणं लावते. दोन माणसांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, आणि आकडा पुढच्या रविवारी वाचायचा. पैसा कशाला जाणार ते आधीच जाहीर असावं.

पीक बुडालेल्या घराचं काय? विदर्भात हा प्रश्न दरवर्षीचा आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा गावंच्या गावं रिकाम्या हातांनी बसली होती. अशा वर्षी ‘देवानं आम्हाला भरभरून दिलं’ हे वाक्य ज्याच्या घरात कर्जापायी माणूस गेला त्याच्या कानावर कसं पडेल, याचा विचार व्हायलाच हवा. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट आहे: अंजिराला फुलं नाहीत, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराठायी हर्ष करीन. हे वचन ज्याचं पीक गेलं त्यानं स्वतःहून उभं राहून वाचलं तर अख्खी मंडळी हलते. पण ज्याचं भरलं आहे त्यानं, किंवा पाळकानं, बुडालेल्याला ते वाचून दाखवू नये.

आता ज्यांनी सोसलं त्यांच्याबद्दल. ख्रिस्ताच्या बलिदानाचे आभार आपण मानतो, पण ते आपल्यापर्यंत कोणाच्या पायांनी आलं हे बहुतेक घरांना ठाऊक नसतं. उपासनेत दहा मिनिटं यासाठी काढावीत. आणि सांगताना जसं घडलं तसंच सांगावं. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले, शाळा काढली, लोकांच्या बोली आणि इथले दगड-खडक दोन्ही मन लावून अभ्यासले, आणि 1863 साली टाकळघाटच्या परिसरात नाल्याच्या पुरात बुडून गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं. त्यांना व्यासपीठावरून ‘हुतात्मा’ म्हणून टाकलं की ऐकणाऱ्याला वाटतं कोणी मारलं. कोणी मारलं नव्हतं. परक्या मुलुखात अठरा वर्षं राबून एका नाल्यात आयुष्य संपलं, हे पुरेसं मोठं आहे, त्याला रंग लावण्याची गरज नाही. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्यात कुष्ठरुग्णांच्या जखमा धुणारे हात, यवतमाळात आणि उमरीत दवाखान्यासाठी राबलेली माणसं, शास्त्र सांगत गावोगाव पायी फिरलेल्या बायबलबाया, यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

ती नावं मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडतात. पाळकाची परवानगी घेऊन वही दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ उघडावी. जुना कागद दुमडला की तुटतो, म्हणून पान वरच्या कोपऱ्यातून सावकाश उलटायचं. जवळ पेन ठेवायचा नाही, टिपणं शिसपेन्सिलीनं. फोटो घेताना फ्लॅश बंद. तारीख, नाव, वडिलांचं नाव, गाव, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही, एवढं उतरवलं तरी पहिली चार-पाच घरं समजतात. मग दोन वेगवेगळ्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ताडून पाहायचं. दोघांचं जुळत नसेल तर जुळतं तेवढंच सांगायचं. वहीत पूर्वीची जात लिहिलेली असते, ती मंडळीसमोर वाचायची नाही. त्या घरातल्या आजच्या पोरांना ती मागं सोडायचीच होती. आणि नाव घेण्याआधी त्या कुटुंबाला विचारायचं.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेऊन ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करायचा विधी, त्याच दिवशी असेल तर तयारी आदल्या दिवशी. आपापल्या मंडळीची रीत पाळावी. अलायन्स, मेथडिस्ट, उत्तर भारतीय मंडळी यांच्यात थोडाथोडा फरक आहेच. 1970 साली नागपुरातच एकत्र आलेल्या उत्तर भारतीय मंडळीतही जुन्या घरांच्या जुन्या सवयी टिकून आहेत. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, आणि इतर ठिकाणीही दारू सोडलेला माणूस पंक्तीत असतो, म्हणून द्राक्षारसाऐवजी मनुक्यांचा रस चांगला. 300 ग्रॅम काळे मनुके दोन पाण्यांनी धुवायचे, सव्वा लिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळून, कुस्करून, स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळायचे. सुमारे लिटरभर रस निघतो, लहान पेल्यात 15 मिलिलिटर धरले तर साठ-पासष्ट जणांना पुरतो. भांडं स्टीलचं. कल्हई नसलेल्या पितळेत रस कळकतो. शनिवारी सकाळी करून झाकून बाहेर ठेवला तर रविवारपर्यंत फसफसू शकतो, म्हणून फ्रीज नसेल तर भिजवणं शनिवारी रात्री आणि उकळणं रविवारी पहाटे. भाकरीसाठी नुसत्या कणकेची जाडसर पोळी, थोडं तेल, फुगू न देता मंद तव्यावर. फुगलेल्या पोळीचे पदर सुटतात आणि तोडताना चुरा होतो.

पौल करिंथकरांना लिहितो की ही भाकर खाता आणि हा प्याला पिता तेव्हा तुम्ही प्रभूच्या मरणाची घोषणा करता. म्हणजे न बोलता झालेली पहिली साक्ष तीच. त्याच अध्यायात तो रागावतोसुद्धा, कारण तिथं एक उपाशी राहायचा आणि दुसरा पिऊन धुंद व्हायचा. हे आपल्या पंगतीलाही लागू आहे.

पंगत शाकाहारी ठेवावी, यावर मी ठाम आहे. गावातला माळकरी, बौद्ध शेजारी, गोंड घरातली आजी, सगळ्यांना एकाच ओळीत निःशंक बसता आलं पाहिजे. शंभर माणसांना दहा किलो तांदूळ, चार किलो तुरीची डाळ, बारा किलो वांगी आणि तीन किलो बटाटे, रोडग्यांना बारा किलो जाडसर कणीक. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, जाळावर नाही. जाळ असला की वरून काळे आणि आतून कच्चे. मोठ्यांना आधी, लहानांना मागून असं करू नये. वाढणारे पाळकापासून सुरुवात करतात, त्यांना आधीच सांगून ठेवावं की सुरुवात ओळीच्या शेवटच्या माणसापासून.

मग साक्ष. एका दिवशी दोन, जास्तीत जास्त तीन. प्रत्येकी सहा-सात मिनिटं. त्याहून लांबली की माणूस उपदेश करू लागतो. एकच उपकार निवडायचा. कधी, कुठं, कोण होतं, आधी काय हाल होते, देवानं काय केलं, कोणी त्यासाठी झिजलं, आज काय फरक आहे. मग एक वचन, आणि बसायचं. योहानाच्या नवव्या अध्यायातला आंधळा परूशांच्या, म्हणजे यहूदी धर्मपुढाऱ्यांच्या, उलटतपासणीत म्हणतो, मला एवढंच कळतं, मी आंधळा होतो, आता मला दिसतं. हे वाक्य पांडित्याचं नाही, म्हणून ते कोणी खोडू शकत नाही. बोलायचं आपल्या घरच्या बोलीत. वऱ्हाडी बाईनं उपासनेच्या पुस्तकातली भाषा आणली की तिचा आवाजच बदलतो. ‘रक्तानं धुतलो गेलो’ हे मंडळीत सगळ्यांना कळतं, बाहेरून आलेल्या शेजाऱ्याला नाही. त्याच्यापुढे सरळ सांगावं: माझ्या चुकीची भरपाई माझ्याच्यानं होत नव्हती, ती येशूनं जीव देऊन केली.

बिघडतं कुठं, तर तीन जागी. पहिली, जुन्या पापांचं रसभरीत वर्णन. दारू किती प्यायचो याचे पाच मिनिटं किस्से, आणि ख्रिस्त शेवटच्या वाक्यात. घरी बसलेल्या बायकोनं त्या दारूपायी काय सोसलं ते राहूनच जातं, आणि खरं तर उपकार तिचाही असतो. दुसरी, दुसऱ्याच्या आजाराची गोष्ट त्याला न विचारता सांगणं. गावात टीबी, एचआयव्ही किंवा कुष्ठरोग एकदा बोलला गेला की मुलीचं लग्न अडतं. तिसरी, शेजाऱ्याच्या देवाला किंवा बाबासाहेबांच्या धम्माला नावं ठेवणं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात काय झालं आणि का झालं हे बौद्ध शेजाऱ्याला आपल्यापेक्षा नीट माहीत असतं. त्याच्या आजोबांनी माणूसपणासाठी किंमत मोजली, तशीच आपल्याही आजोबांनी. त्या आदरातून बोललं तर बोलणं होतं. पेत्रही तेच सांगतो: आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं.

बरं झाल्याच्या साक्षींबद्दल जरा जास्त काळजी. ‘डॉक्टरांनी हात टेकले होते’ हे वाक्य, डॉक्टरांनी तसं खरंच म्हटलं असेल तरच वापरावं. औषध चालू असेल तर तेही सांगावं. देवाचा महिमा त्यानं कमी होत नाही, आणि ऐकणाऱ्यातला एखादा मधुमेहाची गोळी बंद करणार नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. प्रार्थना 108 च्या गाडीत बसून करता येते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. घटनेचं कलम 25 धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली सांगितलं की प्रसार म्हणजे आपली श्रद्धा सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात नाही. धर्मांतराविषयी राज्याचे नियम त्या वेळी काय आहेत ते तालुक्याच्या वकिलाकडून समजून घ्यावं. मैदानात कार्यक्रम असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी, पोलीसपाटलाला आणि सरपंचाला आधी भेट, भोंगा रात्री दहाच्या आत बंद. पंगतीच्या दिवशी कपडे, धान्य, औषधं, वह्या काहीही वाटू नये. गरजूला मदत करायची तर वेगळ्या दिवशी, न सांगता, धर्म न विचारता. जेवणाला अट नाही हे बोलून नाही, वागून दिसावं. साक्षीच्या आधीच पंगत बसवली तर ज्याला ऐकायचं नाही तो जेवून निघू शकतो. अठरा वर्षांखालच्या मुलांशी आईवडिलांच्या माघारी विश्वासाबद्दल बोलू नये.

आणि कोणी बाप्तिस्म्याबद्दल विचारलंच, तर त्याला काय गमवावं लागेल ते पहिल्या भेटीतच सांगायला हवं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो जातो, आणि त्याबरोबर नोकरी-शिक्षणातलं त्या वर्गाचं आरक्षण, राखीव जागेची निवडणूक. अनुसूचित जमातीला ही अट नाही, म्हणून गोंड किंवा कोरकू माणसाचा हिशेब वेगळा. हे लपवून दिलेला बाप्तिस्मा पुढे त्याच्या पोरांच्या वाट्याला फसवणूक म्हणून येतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो, बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा. घाई आपल्याला असते, त्याला नव्हती.

पंगत झाल्यावर आठवडाभरानं, ज्यानं मनापासून काही विचारलं असेल त्याच्या घरी जावं. एकानं किंवा दोघांनी, जथ्थ्यानं नाही. बाई एकटी असेल तर बाईनंच जावं. घरच्यांनी मागितलं तर मार्कचं शुभवर्तमान द्यावं, सोळाच अध्याय आहेत, आख्खं पवित्र शास्त्र पहिल्याच दिवशी हातात दिलं की ते उत्पत्तीनंतर निर्गमात अडकून फळीवर जातं. म्हाताऱ्यांना मोठ्या अक्षरांचं, वाचता न येणाऱ्यांना फोनवर ऐकायचं. कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशानं नवा करार दिला होता. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, तोपर्यंत त्यांनी स्वतः वाचलं, झगडले, पत्रं लिहिली. देणाऱ्यानं पाठलाग केला नाही.

मागितलं नाही तर पुस्तक काढूच नये. तुरीला काय भाव लागला, पोरीचं कॉलेज कसं चाललं आहे, हे विचारावं, चहा घ्यावा, आणि पुढच्या वर्षीच्या पंगतीला चूल कोणाच्या अंगणात मांडायची ते त्यांनाही विचारावं.